तुमची आई इथे कामाला नाही

मायक्रोवेव्हवर चिठ्ठी लागली मंगळवारी,
लॅमिनेट केलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी:
'आपापलं आपण पुसा.
तुमची आई इथे कामाला नाही.'
खाली एक हसरा चेहरा,
म्हणजे कुणाला राग यायला नको.

नाव कुणाचंच नव्हतं.
पण आतल्या छताला
पिवळे ठिपके होते अकरा
(मोजले मी, चहाचं निमित्त करून)
आणि स्टोकमधल्या या घरभाड्याच्या कचेरीत,
तिसऱ्या मजल्यावर,
हळद घालून जेवणारी मी एकटी.

पिठलं तापताना आधी गप्प असतं.
मग एकच बुडबुडा, आणि फट्.
घरी हाताशी झाकण असतं, ओट्यावर फडकं असतं.
इथे दोन मिनिटं वीस सेकंद, आणि पाठीशी रांग:
गॅरेथचं सूप, लिंडसेचा बटाटा,
कुणाची तरी कालची लझान्या.
घंटी वाजली की डबा उचलायचा,
'सॉरी' म्हणायचं, चालू पडायचं.
दार लावलं की डाग दिसत नाही.

तोंडावर कुणी काही बोललं नाही.
इथे बोलत नाहीत. लॅमिनेट करतात.

गुरुवारी उशिरापर्यंत थांबले.
थकलेल्या भाड्यांची यादी संपत नव्हती, हे खरं,
आणि पर्समध्ये घरचं फडकं होतं, हेही.
सहा वाजून गेल्यावर पँट्रीत शिरले,
चोराच्या मनात चांदणं.

आत कॅलम होता, टपाल वाटणारा पोरगा,
बाह्या सारून.
काचेची ताटली सिंकमध्ये निथळत होती.
वाटीभर पाण्यात लिंबाची फोड उकळून,
वाफेनं मऊ पडलेले माझे ठिपके
तो एकेक करून टिपत होता.

'राहू दे,' म्हटलं, 'माझे आहेत ते.'
'माहितीये,' तो म्हणाला.
'सात वाजता आई येते.
तिचा खांदा गेलाय. हात वर जात नाही.'

जनीन.
सोळाव्या वर्षापासून कपांच्या कडांना
सोन्याची रेघ ओढायची,
चाक फिरतं, कुंचला स्थिर, श्वास रोखलेला.
मग कारखान्याला कुलूप लागलं.
आता तीन मजले, सहा संडास, आमची पँट्री.

ती आली ती बादली ठेवून आधी
फळीवरचा एक कप उचलून उलटा केला,
बुडाचा शिक्का वाचला.
'या गावाची खोडच आहे,' कॅलम म्हणाला,
'लग्नात जेवायला गेली तरी बश्या उलट्या करते.'
'बाहेरचा माल,' ती म्हणाली,
पण ठेवला हळूच, आवाज न करता.
आणि मला: 'सोनेरी कडेचा कप यात ठेवू नकोस हं, पोरी.
ठिणग्या उडतात.'

तेव्हा आठवला दुसरा एक उलटा कप.
कराडला, मोरीच्या खिडकीत, कान तुटलेला,
हौसाबाईंचा.
त्या आमचं खरकटं काढायच्या
आणि आमच्या कपाला ओठ लावायच्या नाहीत.
म्हणजे, लावू द्यायचो नाही आम्ही.
त्यांच्या कपाच्या बुडाला शिक्का होता की नव्हता,
मी कधी उचललाच नाही तो.

जनीनला चहा विचारला.
'आधी फरशी,' ती म्हणाली.
मी फडकं ओलं करून दाराची आतली कड पुसली.
तिथे बारावा ठिपका होता.

चिठ्ठी अजून तशीच आहे.
शुद्धलेखन बरोबर,
फक्त माहिती चुकीची.

मी आता डब्यावर बशी झाकते,
चाळीस सेकंदांनी थांबवते,
ढवळते,
पुन्हा लावते.
मागे गॅरेथ घड्याळ बघतो.
बघू दे.